दहापैकी दहा

माझ्या प्रबंधासाठी मी निवडलेल्या चौदा माणसांपैकी तेरा माणसं आठ आठवड्यांत जवळजवळ ठणठणीत झाली होती. निदान लॅपटॉपवरचा तक्ता तसं म्हणत होता. डाव्या रकान्यात दोन, तीन, एक, दोन. उजव्या रकान्यात नऊ, दहा, दहा, नऊ. चौदावे एक आजोबा होते. त्यांनी आधी चार दिले होते आणि नंतर पाच. तेव्हा मला वाटलं होतं की हे आजोबाच जरा वेगळे आहेत.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हे वाक्य मी कर्जतमध्ये फारसं कोणाला सांगत नाही, कारण त्यानंतर पाच मिनिटं समजावून सांगावं लागतं आणि मला एका दमात तेवढं बोलायची सवय नाही. आजारातून उठलेल्या माणसाला स्वतःची रोजची कामं पुन्हा स्वतःला करता यावीत, यासाठी आम्ही मदत करतो. शर्टाची बटणं, जेवण, आंघोळ, ज्याचं जे काम असेल ते. लोक मला व्यायामवाल्या मॅडम म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

आठवड्याचे तीन दिवस मी खालापूरच्या एका हॉस्पिटलात असते, मंगळवारी आणि शुक्रवारी कशेळ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यातल्या मागच्या खोलीत. शनिवार-रविवार पनवेलच्या बाजूला कॉलेज. नोकरी करणाऱ्यांसाठीची पदव्युत्तर पदवी आहे, तीन वर्षांची. ती का घेतली, असं आईने विचारलं होतं. मी काहीतरी पगाराबद्दल बोलले. खरं कारण असं होतं की रोज मी जे करत होते ते बरोबर आहे की नाही हे मला कळत नव्हतं, आणि शिकलं की कळेल असं मला वाटलं होतं.

प्रबंधासाठी मी जी मोजण्याची पद्धत घेतली ती मला मनापासून आवडली होती. त्यात तुम्ही माणसाला सांगायचं नसतं की तुला अमुक आलं पाहिजे. त्यानेच आपल्याला महत्त्वाची वाटणारी कामं सांगायची. मग प्रत्येक कामाला एक ते दहामधले दोन आकडे द्यायचे. पहिला, ते काम किती जमतं. दुसरा, जेवढं जमतं तेवढ्यावर किती समाधान आहे. आठ आठवडे उपचार झाले की पुन्हा विचारायचं. आपण फक्त विचारायचं आणि गप्प बसायचं. समोरच्याच्या आकड्याशी वाद घालायचा नाही, असा नियमच आहे. गप्प बसणं मला शाळेपासून उत्तम जमतं, त्यामुळे ही पद्धत माझ्यासारखीनेच काढली असेल असं वाटलं.

कागद मराठीत करायला आईची मदत घेतली. मी इंग्रजी शाळेत शिकले. माझं मराठी बोलण्यापुरतं नीट आहे, पण लिहायला बसले की वाक्य सरकारी होतं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. तिने एका बैठकीत कागद आखून दिला. रकाने, त्यावर ‘गुण’, शेवटी ‘एकूण गुण’, खाली माझ्या सहीची जागा. कॉलेजच्या नियमाप्रमाणे वर कॉलेजचं चिन्ह आणि त्याखाली विद्यार्थिनी म्हणून माझं पूर्ण नाव. रुग्णाचं नाव कुठेही येता कामा नये, तोही नियमच. त्याजागी फक्त क्रमांक.

काकी क्रमांक नऊ होत्या.

कशेळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. गणपतीच्या आधी अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू पडली. पाय बऱ्यापैकी परत आला, हात राहिला. दिवाळी झाल्यावर त्यांचा मुलगा त्यांना पहिल्यांदा घेऊन आला. तो कर्जत-कशेळे जीप चालवतो. काकी खुर्चीच्या कडेवर बसल्या, उजवा हात डाव्या हातात धरून, दुसऱ्या कोणाचं मूल थोडा वेळ सांभाळायला घेतल्यासारखा.

“काकी, या हाताने तुम्हाला काय काय करता यायला हवंय?”

“हात बरा करा, म्हंजे झालं.”

“बरा झाल्यावर सगळ्यात आधी काय कराल?”

“तिला आता काय करायचंय, मॅडम,” मुलगा म्हणाला. “बसून खायचं. सून हाय ना घरात.”

काकींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, “पाखडायचंय.”

“तांदूळ?”

“माझ्या हातच्या तांदळात कवा कुणाला खडा लागला नाय.”

“ते खरं हाय,” मुलगा म्हणाला. “गावात कुणाचंही लगीन असूं दे, तांदूळ आमच्याकडं यायचं. हिच्या हातचं सूप फिरल्याशिवाय आचारी पोत्याला हात लावायचा नाय.”

त्याआधीच्या आठ जणांनी मला ‘तुमी सांगाल ते’ असंच उत्तर दिलं होतं. काकी पहिल्या, ज्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं. मी कागदावर लिहिलं, सुपाने तांदूळ पाखडणे. किती जमतं, एक. समाधान, एक. बाकीची चार कामंही त्यांनी सांगितली, पण ती मला बरं वाटावं म्हणून, असं वाटलं.

पुढच्या मंगळवारी मी कशेळ्याच्या बाजारातून वेताचं सूप घेऊन गेले. दवाखान्यातलं आमचं सामान म्हणजे लाकडी खुंट्यांची पाटी, रंगीत शंकू, कपड्यांचे चिमटे. सूप त्यात ठेवल्यावर खोलीच वेगळी दिसायला लागली. तांदूळ जड पडला असता म्हणून सुरुवात कुरमुऱ्यांनी केली. उजव्या हाताची बोटं सुपाच्या कडेवर मी बसवायची, वरून फडकं बांधायचं, आणि काकींनी झटका द्यायचा. पहिल्याच झटक्याला अर्धे कुरमुरे पंख्यापर्यंत गेले.

दवाखान्याच्या मावशी झाडू घेऊन दारातच उभ्या होत्या. झाडलोट, केसपेपर, नंबर पुकारणं, सगळं त्याच करतात.

“ह्यो दवाखाना हाय का भेळीची गाडी?” त्या म्हणाल्या.

काकी हसल्या. चेहऱ्याची एकच बाजू हसली. पण मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

आठ आठवडे त्या मंगळवार-शुक्रवार चुकल्या नाहीत. फडकं सुटलं. कुरमुऱ्यांवरून आम्ही तांदळाच्या तुसावर आलो, मग मूठभर तांदळावर. बोटं कड धरायला लागली, पण अंगठा घसरायचा. झटका मनगटातून यायला हवा, तो खांद्यातून यायचा आणि त्याबरोबर सगळं अंग हलायचं. पण हात जागा होत होता, हे मला दिसत होतं. असं वारं गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत हात जेवढा परत येतो तेवढा नंतर येत नाही. ते महिने काकी नीट वापरत होत्या.

मग दुसऱ्यांदा आकडे घ्यायचा दिवस आला. माझ्या मनात तीन होता. फार तर चार.

“धा,” काकी म्हणाल्या.

“पाखडायला?”

“समद्याला धा.”

“काकी, दहा म्हणजे अगदी आधीसारखं. वारं जायच्या आधी जसं होतं तसं.”

“हां. धाच.” त्या कागदाकडे बघत होत्या, वरच्या बाजूला. “लिव.”

मी पेन धरून थांबले. वाद घालायचा नाही हा नियम मला आठवला, आणि खरं सांगायचं तर नियम नसता तरी मी वाद घातला नसता. मी दहा लिहिलं. खाली सही केली. नियमाप्रमाणे एक प्रत त्यांना दिली. ती घडी करून त्यांनी कमरेला खोचली, आणि जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. डावा.

“तुजं चांगलं होईल गं, बाय.”

मोठी माणसं म्हणतात तसंच काहीतरी, असं मी समजले.

त्याच पंधरवड्यात बाकीच्यांचेही आकडे आले. नऊ, दहा, दहा. माझ्या चौदा जणांतला एक रिक्षा ड्रायव्हर अजून डाव्या हाताने चहा पीत होता, त्यानेही उजव्या हाताने कप धरण्याला दहा दिले. मी गोंधळले. हाताची पकड मोजायचं यंत्र वेगळंच सांगत होतं. त्यावर बहुतेकांचा काटा थोडासाच पुढे गेला होता.

कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडम मात्र खूश झाल्या. “हेच तर इंटरेस्टिंग आहे,” त्या म्हणाल्या. “ताकद फार बदलली नाही, पण स्वतःबद्दलचं मत बदललं. यावर लिही.”

मी लिहिलं. तीन पानं, इंग्रजीत. माणसाचा आपल्या शरीरावरचा विश्वास आधी परत येतो आणि ताकद मागून, असं काहीतरी. ती पानं चांगली झाली होती. माझा गोंधळ इंग्रजीत उतरवला की मलाच तो विचार वाटायला लागतो. दोन-तीन वेळा वाचल्यावर माझा त्यावर विश्वासही बसला. अर्धा तरी.

या लिहिण्यात काकी यायच्या बंद झाल्या हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पहिल्या शुक्रवारी वाटलं, घरात काही काम असेल. मग मंगळवार, मग पुन्हा शुक्रवार. चार आठवडे गेले. फोन करावा असं मी रोज ठरवायचे. फोन करणं मला जमत नाही. निरोप पाठवावा तर काय म्हणून पाठवायचा?

एका मंगळवारी कर्जतहून एसटी आलीच नाही. मी जीपच्या थांब्यावर गेले तर पहिली गाडी काकींच्या मुलाची.

“मॅडम, फुडं बसा. ए, मॅडमना जागा दे रं.”

गाडी भरली, निघाली. गाव मागे पडल्यावर मी विचारलं, “दादा, काकी का येत नाहीत?”

“आता कशाला आणू? धा पडलं ना तिला.”

“हो, पण...”

“कागद कॅलेंडरच्या खिळ्याला लावलाय. आमच्या खानदानात कुणाला धापैकी धा कवा पडलं नव्हतं. मी सातवीला धापैकी एक घेऊन घरी गेलोय.” मागची माणसं हसली. मग तो आवाज खाली करून म्हणाला, “पण खरं सांगू का मॅडम, ती आता नाटक करते. हात चालतो पन चालवत नाय. कागदावर चालतो, घरात नाय चालत, असं कसं व्हईल?”

मला तिथेच बोलायला हवं होतं. जीपमध्ये बारा माणसं होती. मी समोरच्या काचेवर लावलेल्या लिंबू-मिरचीकडे बघत राहिले आणि कशेळ्याला उतरताना ‘बरं’ म्हणाले. इतकंच.

दवाखान्यात मावशी पेशंटना बाकावर बसवत होत्या. खोलीत आल्यावर मी त्यांना म्हटलं, “मावशी, काकींना दहा पडले म्हणून मुलगा त्यांना आणत नाही.”

“नाय आणला तर नाय आणला. तुमचं काम झालं ना?”

“माझं काय काम?”

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी साधी गोष्ट विसरले आहे. “तुमची परीक्षा ना, पोरी. वर तुमचं नाव, कॉलेजचं चित्र, खाली मार्क. मला वाचता येतं. तुमी दुसऱ्यांदा मार्क द्यायला सांगितलंत तवा समदी माणसं घाबरलेली. मला इचारायची, किती द्यायचं ओ? मी सांगितलं, ही बाय एक दिस खालापूर, एक दिस कशेळं, सुट्टीच्या दिवशी पनवेल करते. तिला कमी मार्क द्याल तर बगा.”

“सगळ्यांना सांगितलंत?”

“त्या म्हाताऱ्याला सोडून. त्याच्याशी मी बोलत नाय.”

मी खुर्चीवर बसले. मावशी अजून काही बोलत होत्या, नापास झालात का, कमी पडले का. मी मान हलवली, पण ती हो की नाही ते मलाही कळलं नसेल. त्यांच्यावर रागवावं तर कशासाठी? तेरा माणसांनी, ज्यांना स्वतःचे हात उचलवत नव्हते, मला पास करायचं ठरवलं होतं. कॉलेजात इतकी वर्षं कोणी माझ्यासाठी असं काही केलं नव्हतं. आणि त्यामुळे माझा सगळा अभ्यास खोटा झाला होता.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने कागद मागून घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिला.

“प्रगतिपुस्तक झालंय हे,” ती म्हणाली. “मीच आखलं ना तसं. दुसरं आखताच येत नाही मला.” मग म्हणाली, “आणि नाव फक्त तुझं. मीसुद्धा तुझंच समजले असते.”

मार्गदर्शक मॅडमना सांगायला मी धीर गोळा करून गेले. मला वाटलं, त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत, आणि त्याने मी जास्तच गोंधळले.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “या पद्धतीत पेशंट देतो तो आकडा, तोच खरा. तो का दिला, हे विचारणारे आपण कोण? सगळीकडेच लोक थोडंफार थेरपिस्टला खूश करायला आकडे देतात. प्रबंधाच्या शेवटी अभ्यासाच्या मर्यादा लिहितात, तिथे तू हे एका वाक्यात लिही. नाहीतर दुसऱ्या कोणाकडून सगळं परत विचारून घ्यावं लागेल, नवे पेशंट, नवे आठ आठवडे. हे सत्र गेलं. म्हणजे सहा महिने. तुझं तू ठरव.”

तुझं तू ठरव, हे वाक्य मला कोणी म्हटलं की माझं डोकं बंद होतं. मॅडमचं चूक होतं असंही नाही. आठवडाभर मी ते एक वाक्य लिहून बघितलं. निरनिराळ्या प्रकारे. प्रत्येक वेळी ते खरं होतं आणि प्रत्येक वेळी त्यात काकी नव्हत्या. माझ्या प्रबंधात एक वाक्य वाढलं असतं आणि तिकडे त्यांचा अंगठा तसाच घसरत राहिला असता.

शुक्रवारी दवाखाना संपल्यावर मी काकींच्या मुलाला विचारलं की घरी जेवायला जाताना मला न्याल का. कोणाच्या घरी असं स्वतःहून जायची माझी पहिलीच वेळ.

घर रस्त्यापासून थोडं आत, पुढे सारवलेलं अंगण. सून ओटीवर शेंगा सोलत होती. मला बघून ती उठली, पाणी आणलं, आणि मी विचारायच्या आत म्हणाली, “आमच्या धा मार्कवाल्या सासूबाई आत हायत. बोलावते.”

काकी आल्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्या खिळ्याला माझा कागद. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सूप टांगलेलं.

मुलगा हात धुवायला मागे गेला तेव्हा सून हळूच बोलली. “मॅडम, मागल्या आठवड्यात भावकीतल्या लग्नाचं तांदूळ आलं. यांनीच गावभर सांगितलं ना, आईचा हात बरा झाला, धापैकी धा पडलं. आता नाय कसं म्हनायचं? दोन दिस बसल्या पाखडायला. अर्धं खाली, अर्धं खड्यासकट.”

“मग?”

“मग काय. मी समदं परत घोळलं. त्या देवळात गेल्या तवा.” तिने काकींकडे एक नजर टाकली. “खडा लागला असता तर नाव त्यांचंच गेलं असतं ना.”

काकी जमिनीकडे बघत होत्या. सुनेने ते केलं हे त्यांना माहीत असावं, आणि ते कोणी मोठ्याने बोलू नये एवढंच त्यांना हवं असावं. माझा नुसता अंदाज.

मी येताना ठरवलं होतं की सगळं समजावून सांगायचं. आता कळलं की समजावून सांगितलं तर काकी मुलासमोर खोट्या पडतात. सांगितलं नाही तर त्या घरीच राहतात. मुलगा परत आला, ताटावर बसला. मी माझ्या मनात वाक्य इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत, मग तसंच सोडून दिलं.

“दादा, तो कागद चुकलाय.”

“कुनी चुकवला?”

“मी.”

त्याने खिळ्यावरच्या कागदाकडे पाहिलं.

“मी दहा लिहायला नको होते. काकींचा हात अजून अर्धासुद्धा आलेला नाही. त्या नाटक करत नाहीत. जमतच नाही त्यांना अजून. आणि हेच महिने महत्त्वाचे असतात, नंतर एवढं होत नाही.”

“मंग तुमी लिवलं कशाला?”

“परीक्षेच्या गडबडीत.”

हे उत्तर किती वाईट आहे ते बोलताना मलाच ऐकू आलं. त्याने ताटातला घास तसाच ठेवला.

“मॅडम, मी गाडी चालवतो,” तो शांतपणे म्हणाला. “ब्रेक बरोबर हाय असं कुणी लिवून दिलं तर मी घाटात जातो. परत तपासत बसत नाय.”

“हो,” मी म्हटलं. “तुमचं बरोबर आहे.”

“म्हाईना गेला ना तिचा.”

“हो.”

सुनेने त्याच्या पुढ्यात भात वाढला. मग काकी एकदम म्हणाल्या, “तिला बोलू नको रं. पोर हाय. तिनं इचारलं होतं मला. दोनदा इचारलं. मीच...”

“काकी, राहू द्या,” मी म्हटलं.

त्या थांबल्या. मुलाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भात कालवायला लागला. त्याला किती समजलं ते मला माहीत नाही.

मी उठून खिळ्यावरचा कागद काढला आणि काकींच्या शेजारी ओटीवर बसले. पाखडण्यापुढच्या दहावर एक रेघ मारली.

“परत सांगा. आता किती जमतं?”

काकींनी आवाज इतका खाली केला की मला वाकावं लागलं. “तुला किती पायजेत पास व्हायला?”

“मला तुमच्या मार्कांवर पास करत नाहीत, काकी.”

“मावशी तर म्हनाली...”

“मावशींना नीट सांगितलं नव्हतं मी.”

“मंग मी कमी दिलं तर तुजं काय व्हईल?”

“मी पुढच्या वेळी देईन परीक्षा.” हे वाक्य मी त्यांच्यासाठी बोलले. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते ठरून गेलं आहे.

“फुडच्या वेळी म्हंजे कवा?”

“सहा महिन्यांनी.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, डाव्या अंगठ्याने डावी बोटं. “म्हंजे पावसात.”

“पावसातच.”

“मंग तीन लिव.”

मी तीन लिहिलं. माझ्याही मनात तीनच होता, पण ते मी बोलले नाही. मुलगा ताट घेऊन उठला आणि मागे जाता जाता म्हणाला, “मंगळवारी पयल्या फेरीला आणतो. तिथंच बाकावर बसवा, मी येताना नेतो.”

मी कागद घडी करणार होते. मग दुसरा रकाना आठवला.

“आणि समाधान? जेवढं जमतं तेवढ्यावर?”

काकींनी पदराखालचा हात बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून सरळ केली. मग भिंतीवरच्या सुपाकडे पाहिलं. सून आत भांडी लावत होती, तिचा आवाज येत होता. मी गप्प बसले. ते तरी मला येतं.

“आठ,” त्या म्हणाल्या.

“काकी, जमतं तीन आणि समाधान आठ?”

“लिव गं.”

मी लिहिलं.

पुढच्या सत्रासाठी माझ्या वर्गातली एक मैत्रीण कशेळ्याला येऊन नव्या पेशंटना प्रश्न विचारते. तेव्हा मी खोलीबाहेर बाकावर बसते. मावशींना सांगून ठेवलंय की कोणाला काही सांगायचं नाही, आणि त्या माझ्यावर थोड्या रुसल्या आहेत. आईने नवा कागद रकान्यांशिवाय आखायचा प्रयत्न केला, जमला नाही, शेवटी मीच केला. त्यावर माझं नाव नाही. कॉलेजकडून तशी वेगळी परवानगी काढावी लागली. काकी मंगळवारी येतात, पहिल्या फेरीला. अंगठा आता थोडा थांबतो.

काकींचे आकडे नव्या तक्त्यात नाहीत. त्यांचा तो खोडलेला कागद माझ्या पिशवीत, डब्याच्या कप्प्यात आहे. तीन मला समजतो. आठ अजून समजत नाही. मध्ये एकदा, सूप मांडीवर असताना, मी विचारणार होते की ते आठ खरे होते की माझ्यासाठी होते. विचारलं नाही. विचारलं असतं तर काकींनी मला बरं वाटेल तेच उत्तर दिलं असतं.